गेम एकच, भाव देशागणिक

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संगणकावर आणि कन्सोलवर (टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रावर) खेळल्या जाणाऱ्या डिजिटल गेमच्या किमतींविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढील उत्तरांचा आधार त्यातच आहे.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करतो आणि माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत. शनिवार-रविवारी वेळ जुळवून आम्ही एकत्र गेम खेळतो. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम आला तेव्हा त्याने ६० डॉलर मोजले आणि मी स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात २,९९९ रुपये. तेव्हापासून तो मला सारखा ऐकवतो, “दादा, तुझी सवलत माझ्या खिशातून जाते.” मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. एकाच वस्तूचे दोन देशांत दोन भाव लावणे न्याय्य म्हणावे का? — एक वाचक, वाकड

उत्तर : आधी आकडे मांडू, कारण तुमच्या बंधूंची तक्रार अगदीच निराधार नाही. डिसेंबर २०२० मध्ये हा गेम बाजारात आला तेव्हा डॉलरचा भाव साडेत्र्याहत्तर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ६० डॉलरचे सुमारे ४,४०० रुपये होत होते. तुम्ही त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश रक्कम दिलीत. शिवाय अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो, तो त्या त्या राज्याच्या नियमाप्रमाणे वरून लागतो. आपल्या २,९९९ रुपयांत मात्र १८ टक्के जीएसटी आधीच मिसळलेला आहे. तो वजा केला की २,५४१ रुपये उरतात. त्यातून स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी आपला हिस्सा घेते. हा हिस्सा मुळात ३० टक्के असून एखाद्या गेमची विक्री १ कोटी डॉलरच्या पुढे गेली की वरच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटींच्या पुढे २० टक्के असा उतरत जातो. आपण सोयीसाठी ३० टक्के धरले, तर ७६२ रुपये दुकानाकडे राहतात आणि १,७७९ रुपये, म्हणजे सुमारे २४ डॉलर, प्रकाशकाच्या हाती पडतात. त्याच हिशेबाने तुमच्या बंधूंकडून प्रकाशकाला ४२ डॉलर मिळाले. फरक १८ डॉलरचा आहे, आणि तो लहान नाही.

परंतु हे १८ डॉलर तुमच्याकडे आले, असा अर्थ त्यातून निघत नाही. गेम तयार करण्याचा सारा खर्च पहिली प्रत विकण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. त्यानंतरची प्रत्येक प्रत म्हणजे सर्व्हरवरून उतरवून घेतलेली फाइल, जिचा खर्च नगण्य असतो. तुमचे २४ डॉलर त्या झालेल्या खर्चात भरच घालतात. उद्या प्रकाशकाने भारतातही ४,४०० रुपये लावले, तर तुमच्यासारखे काही जण ते देतील, पण पुष्कळ जण सेलची वाट पाहतील, काही जण चोरटी प्रत शोधतील आणि उरलेले दुसरा गेम घेतील. यापैकी कोणत्याही गोष्टीमुळे न्यू जर्सीतील किंमत एका सेंटनेही उतरणार नाही, कारण ती अमेरिकी ग्राहक किती देऊ शकतो यावरून ठरते, पुण्याचा ग्राहक किती देतो यावरून नव्हे. सगळ्या जगासाठी एकच भाव ठरवायचा झालाच, तर जिथून सर्वाधिक उत्पन्न येते त्या श्रीमंत देशांच्या भावाजवळच तो ठरेल, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

ग्राहकांचे गट पाडून प्रत्येकाला वेगळा भाव लावण्याच्या या पद्धतीचे वर्गीकरण इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्येच करून ठेवले आहे. त्यानंतरच्या अभ्यासकांनी तिला एक अट जोडली : अशा किंमतभेदाने एकूण विक्री वाढत असेल, तरच त्यातून समाजाचे भले होण्याची शक्यता असते. विक्री वाढत नसेल आणि केवळ काही गटांकडून जास्त पैसे काढले जात असतील, तर ते निव्वळ ओरबाडणे ठरते. भारतातील डिजिटल गेमना ही अट बऱ्यापैकी लागू पडते. नोव्हेंबर २०१५ पर्यंत स्टीमवर भारतीयांना डॉलरमध्येच पैसे मोजावे लागत होते आणि त्यासाठी परदेशी व्यवहार करू देणारे कार्ड जवळ असावे लागे. रुपयांत भाव दिसू लागल्यावर आणि पुढे यूपीआयची सोय झाल्यावर जो मोठा तरुण वर्ग रीतसर खरेदी करू लागला, तो आधी एकतर या बाजारात नव्हताच किंवा चोरट्या सीडींवर भागवत होता.

हा प्रकार पुणेकरांना नवा नाही. अप्पा बळवंत चौकात वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीचे एखादे अमेरिकी पाठ्यपुस्तक घेतले, तर मजकूर तोच असतो. कागद पातळ, आकृत्या कृष्णधवल, आणि मलपृष्ठावर ‘विक्री केवळ भारतीय उपखंडात’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. मूळ आवृत्तीच्या तुलनेत किंमत कितीतरी कमी. सुपाप किर्टसेंग या थायलंडहून अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याने अशीच आशियाई आवृत्तीची पुस्तके मायदेशातून मागवून अमेरिकेत विकली, प्रकाशकाने त्याच्यावर दावा लावला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. रीतसर विकत घेतलेली प्रत, मग ती कोणत्याही देशात छापलेली असो, पुढे विकण्याचा हक्क विकत घेणाऱ्याचा आहे, असे त्या निकालाचे सार आहे.

माझ्या मते न्यायाचा खरा प्रश्न इथे आहे. पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशकाने दोन बाजारांमध्ये घातलेली भिंत गळकी असते : तुम्ही पुस्तक वापरून रद्दीच्या दुकानात देऊ शकता, मित्राला देऊ शकता, बॅगेत घालून परदेशी नेऊ शकता. डिजिटल गेम मात्र तुमच्या खात्याला बांधलेला असतो. तो विकता येत नाही, उसना देण्यावर कंपनीचे नियम आहेत, आणि तुमच्या स्वस्त देशातून महाग देशातल्या मित्राला तो भेट म्हणून पाठवू गेल्यास किमतीतला फरक मोठा असेल तेव्हा स्टीम तो व्यवहारच होऊ देत नाही. कंपनीला जगभरात कोठेही माल तयार करता येतो, कोठेही कर्मचारी नेमता येतात, कोठूनही सेवा पुरवता येते, पण ग्राहकाने मात्र आपल्या नकाशावरच्या चौकोनात राहायचे. भाव वेगळे असण्यात मला अन्याय दिसत नाही. ही मोकळीक एकाच बाजूला असण्यात दिसतो. तुमच्या बंधूंनी चिडायचेच असेल, तर त्यांनी या गोष्टीवर चिडावे, आणि त्यात तुम्हीही त्यांना सामील व्हायला हरकत नाही.

एक गोष्ट तुम्हालाही सुनवायला हवी. ‘आम्ही गरीब देशातले, म्हणून आम्हाला स्वस्त’ हा युक्तिवाद वाटतो तितका भक्कम नाही. जागतिक बँकेच्या क्रयशक्तीच्या हिशेबाने अमेरिकेत एका डॉलरला जे येते, ते भारतात साधारण २० ते २२ रुपयांत येते; त्या मापाने ६० डॉलरचा गेम १,२०० ते १,३०० रुपयांना मिळायला हवा. पण हे माप घरभाडे, भाजीपाला, केशकर्तन, रिक्षाभाडे अशा सगळ्या खर्चांतून काढलेले असते आणि ते देशातील सरासरी माणसाचे असते. ज्या संगणकावर हा गेम चालतो, त्याच्या ग्राफिक्स कार्डाला कोणी प्रादेशिक किंमत लावत नाही. ते इथे अमेरिकेइतकेच, अनेकदा कर आणि आयातीमुळे त्याहून महाग पडते. म्हणजे असा गेम विकत घेणारा भारतीय सरासरी भारतीय नसतोच. प्रकाशकालाही ते ठाऊक असते, आणि म्हणूनच २,९९९ हा भाव १,३०० आणि ४,४०० यांच्या अधेमधे कोठेतरी पडतो. वसतिगृहात चार जणांत एक संगणक वापरणाऱ्या मुलाला तो भाव जड आहे आणि हिंजवडीतील अभियंत्याला तो हलका आहे, परंतु एका देशाला एकच भाव लावायचा म्हटल्यावर ही विषमता त्या पद्धतीत राहणारच.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. त्याने दहावीनंतर हट्टाने प्लेस्टेशन ५ (पीएस५) हा कन्सोल घेतला आणि आता नव्या गेमसाठी ४,९९९ रुपये मागतो. त्याच्या मित्रांना संगणकावर गेम स्वस्त मिळतात. कन्सोलवाल्यांना भारत परवडणारा देश वाटतो की काय? — एक पालक, सिंहगड रस्ता

उत्तर : नव्या पिढीचे कन्सोल २०२० मध्ये आले तेव्हा अमेरिकेत मोठ्या गेमची किंमत ६० वरून ७० डॉलरवर गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये पीएस५ भारतात आला त्या वेळच्या दराने ७० डॉलरचे सुमारे ५,१०० रुपये होत होते. म्हणजे ४,९९९ ही प्रादेशिक किंमत म्हणण्यापेक्षा डॉलरचे रुपयांत केलेले रूपांतरच होते. त्यातून जीएसटी वजा केला तर थोडी सूट दिसते, आणि डॉलर ८५ रुपयांच्या पुढे गेल्यापासून तोच आकडा काहीसा सौम्य वाटू लागला आहे, पण तो सौम्यपणा रुपया घसरल्यामुळे आलेला आहे.

संगणकावर एकच गेम अनेक दुकानांत मिळू शकतो. कन्सोलवरचे डिजिटल दुकान एकच, आणि ते कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचे. त्यामुळे तिथे भाव खाली ओढणारे कोणी नसते. मुलाच्या कन्सोलला डिस्क घालण्याची खाच असेल, तर डिजिटल प्रत न घेता डिस्क घ्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. गेम खेळून संपल्यावर डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते आणि जुन्या डिस्क घेणारे दुकानदार पुण्यात पुष्कळ आहेत. डिजिटल प्रतीला हा हक्क मिळावा म्हणून फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हविरुद्ध दावा केला होता. पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला, पण अपिलात २०२२ मध्ये तो फिरला आणि २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने फिरलेला निकालच कायम केला. तेव्हा युरोपातही ही वाट सध्या बंदच आहे.

प्रश्न : वसतिगृहातील काही मुले व्हीपीएन (इंटरनेटवर आपले ठिकाण लपवणारी सोय) लावून दुसऱ्या देशाचे खाते उघडतात आणि गेम आणखी स्वस्तात घेतात. कंपन्या करोडो कमावतात, मग आम्ही थोडी हुशारी केली तर बिघडले कोठे? — एक विद्यार्थी, शिवाजीनगर

उत्तर : बिघडले ते अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात. या दोन देशांत स्टीमचे भाव अनुक्रमे पेसो आणि लिरामध्ये होते. दोन्ही चलने वेगाने घसरत होती : तुर्कस्तानात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये वार्षिक महागाईचा दर ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता, अर्जेंटिनात २०२३ अखेर तो २०० टक्क्यांच्या पलीकडे गेला. चलन घसरत गेले तरी गेमचा पेसोतला आकडा लगेच बदलत नसे, त्यामुळे डॉलरमध्ये पाहिले तर तिथले भाव जगात सर्वांत कमी झाले, आणि जगभरातील लोक स्वतःला अर्जेंटिनाचे किंवा तुर्कस्तानचे रहिवासी म्हणवून खरेदी करू लागले. व्हॉल्व्हने आधी जून २०२१ मध्ये खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल असे बंधन घातले, ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रकाशकांना सुचवल्या जाणाऱ्या किमती या दोन देशांसाठी पाच पटींहून अधिक वाढवल्या, आणि शेवटी २० नोव्हेंबर २०२३ पासून पेसो आणि लिरा बंद करून दोन्ही देशांत थेट डॉलरमध्ये विक्री सुरू केली. चलनातील अस्थिरता हे कारण कंपनीने पुढे केले आणि ते खोटे नव्हते. पण बाहेरच्यांची झुंबड नसती, तर इतक्या तातडीने आणि इतक्या कठोरपणे हे घडले असते, असे मला वाटत नाही.

त्याचा भुर्दंड ब्यूनस आयर्समधल्या तुमच्याच वयाच्या विद्यार्थ्याला बसला, ज्याचा पगार किंवा पॉकेटमनी पेसोतच राहिला. कंपनीला फारसा तोटा झाला नाही. आज जी हुशारी दुसऱ्याच्या देशावर चालते, ती उद्या बाहेरचे लोक रुपयाच्या भावावर चालवू शकतात, हे लक्षात घ्या.

कायद्याचे म्हणाल, तर व्हीपीएन वापरणे हा भारतात स्वतःहून गुन्हा नाही. पण ठिकाण लपवून खरेदी करणे स्टीमच्या करारात स्पष्टपणे निषिद्ध आहे, आणि कारवाई झालीच तर ती एका गेमवर न थांबता वर्षानुवर्षे जमवलेल्या अख्ख्या खात्यावर होऊ शकते. अनोळखी संकेतस्थळांवर मिळणाऱ्या स्वस्त ‘की’चेही, म्हणजे गेम खात्यात जमा करून देणाऱ्या सांकेतिक क्रमांकांचेही, तसेच. ‘फॅक्टोरिओ’ या गेमच्या निर्मात्यांच्या १९८ चोरीच्या की जी२ए या बाजारपेठेत विकल्या गेल्याचे २०२० मध्ये त्या बाजारपेठेनेच मान्य केले आणि निर्मात्यांना ३९,६०० डॉलर भरून दिले. की चोरीची आहे हे विकत घेणाऱ्याला कळायला काहीही मार्ग नसतो.

प्रश्न : दुकानदाराला एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. या कंपन्या देशोदेशी वाटेल तो भाव लावतात, त्यांना विचारणारा कोणी कायदा आपल्याकडे नाही काय? — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : एमआरपीचा नियम वैधमापनशास्त्र कायद्याखालचा असून तो वेष्टनबंद वस्तूंना लागू होतो. गेमची डिस्क डबीत येते, त्यामुळे तिच्यावर एमआरपी छापावी लागते. डाउनलोड केलेल्या गेमला वेष्टन नाही आणि म्हणून एमआरपीही नाही. स्पर्धा अधिनियम २००२ च्या कलम ४ नुसार बाजारात प्रबळ स्थान असलेल्या उद्योगाने अन्याय्य किंवा भेदभाव करणारी किंमत लादणे हा गैरवापर ठरतो. परंतु त्यासाठी भारतीय बाजारातील ग्राहकांवर अन्याय झाल्याचे दाखवावे लागेल. अमेरिकेत भाव वेगळा आहे एवढ्या आधारावर ते साधेल, असे मला वाटत नाही, विशेषतः जिथे आपल्याकडचा भाव कमी आहे.

युरोपातील प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पोलंड, झेकिया, हंगेरी, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि बाल्टिक देशांत स्वस्तात घेतलेल्या गेमच्या की पश्चिम युरोपात चालू नयेत, अशी व्यवस्था व्हॉल्व्हने पाच प्रकाशकांशी मिळून केली होती. युरोपीय आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये या सहा कंपन्यांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला, त्यात व्हॉल्व्हचा वाटा १६ लाखांच्या वर होता, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने तो कायम ठेवला. पोलंडमध्ये भाव कमी ठेवण्याला आयोगाचा आक्षेप नव्हता. एकाच सामाईक बाजाराच्या आत भिंत उभारण्याला होता. आपल्याकडे पुणे आणि पाटणा यांना एकच भाव असल्याने ती वेळच येत नाही.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र बाणेरला एक छोटा गेम तयार करत आहोत. भारतासाठी किंमत किती ठेवावी? — एक निर्माता

उत्तर : स्टीम तुम्ही डॉलरमध्ये किंमत भरताच इतर चलनांतील किमती सुचवते, पण त्या केवळ सूचना असतात, त्या तशाच स्वीकारण्याचे बंधन नाही आणि अनेक लहान निर्माते आळसाने त्या तशाच सोडतात. तुमचा गेम साध्या लॅपटॉपवर चालत असेल, तर तुमचा भारतीय ग्राहक वर उल्लेखलेल्या महागड्या ग्राफिक्स कार्डवाल्यापेक्षा वेगळा आणि संख्येने कितीतरी मोठा आहे. सुचवलेल्या आकड्याच्या खाली जाण्यास कचरू नका. मात्र खूप खाली सुरुवात करून नंतर वाढवण्याचा बेत ठेवू नका. किंमत वाढवल्यानंतर ३० दिवस सूट देता येत नाही, आणि वाढीवर ग्राहक ज्या त्वेषाने अभिप्राय लिहितात तो तुम्हाला झेपणार नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ जगभर विकला, इथल्या लहान स्टुडिओचे पोट बाहेरच्या देशांतील विक्रीवर अधिक अवलंबून असते, तेव्हा डॉलरचा आकडा ठरवताना संकोच करू नये.

प्रश्न : मुलगी पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जात आहे. इथे रुपयांत घेतलेले तिचे गेम तिथे चालतील का? — एक आई, कोथरूड

उत्तर : स्टीमवरील गेम खात्याबरोबर जातात आणि चालतात, ठरावीक प्रदेशापुरत्या विकल्या जाणाऱ्या काही की याला अपवाद असतात, म्हणून तिने बाहेरून की घेतल्या असतील तर त्या जाण्यापूर्वीच वापरून पाहाव्यात. तिथे पोहोचल्यावर खात्याचा देश बदलावा लागेल आणि तो जर्मनीतील कार्डाने किंवा बँक खात्याने पहिली खरेदी केल्यावर बदलतो. नंतर सारे भाव युरोत दिसू लागतील. सुटीत घरी येऊन पुन्हा भारत निवडायचा झाल्यास तीन महिन्यांची अट आड येते. वॉलेटमधील, म्हणजे स्टीमच्या खात्यात आधीच भरून ठेवलेले, रुपये त्या दिवसाच्या दराने युरोत बदलले जातात आणि तिथल्या किमतींपुढे ते तोकडे पडतात, म्हणून शिल्लक असेल तर जाण्यापूर्वीच तिला हवे ते गेम घेऊन वॉलेट रिकामे करायला सांगा.